वाढदिवस शुक्रवारी आला तर

समजा, मुलगी एकवीस वर्षांची होते आहे. वडील अहिल्यानगरकडच्या मराठी मंडळीतले, आई वसईची कॅथलिक, नोकरी हिंजवडीत आणि राहणं दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये. यंदा वाढदिवस शुक्रवारी आला आहे. दुपारी चारला ऑफिसात केक, रात्री टीमची पार्टी. शनिवारी आजीसह सगळं घर पुण्यात येणार आणि संध्याकाळी पिंपरीला काकांकडे उपकारस्तुतीची प्रार्थना होणार. रविवारी पहाटे पाचला मित्रमंडळींची राजगडला जायची गाडी ठरलेली. आणि हे सगळं ऐन उपवासकाळात, म्हणजे लेंटमध्ये.

देव आहे की नाही, जगात दुःख का आहे, असले प्रश्न या मुलीला या तीन दिवसांत कुणीही विचारणार नाही. तिला विचारतील ते असं : चिकन मागवू ना? एक ग्लास तरी घेशील? प्रसाद चालतो का तुला? रविवारी येतेस, की तुझं चर्च? प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायला मिळणारा वेळ दोन सेकंदांचा. तेवढ्यात जे तोंडातून निघतं, त्यावरून ऑफिसातले लोक तिचा धर्म ओळखतात आणि रात्री उशीवर डोकं ठेवल्यावर ती स्वतःला तपासते.

तिची खरी अडचण अशी की लहानपणापासून तीन निरनिराळ्या गोष्टी तिला एकाच गाठोड्यात बांधून मिळाल्या आहेत : पवित्र शास्त्राची शिकवण, चर्चचा नियम आणि घरची रीत. आजी तिन्ही एकाच सुरात सांगते. शेजाऱ्याला मदत कर, शुक्रवारी मटण नको, वाढदिवसाला काळे कपडे घालू नकोस. ऐकणाऱ्याला वाटतं, तिन्हींचं वजन सारखंच. म्हणून कुठलाही प्रश्न आला की आधी तो कोणत्या कप्प्यातला, हे पाहावं. शास्त्राची शिकवण असेल तर ती पाळायची. चर्चचा नियम असेल तर तो नीट माहीत करून घ्यायचा, कारण नियमाला वयाची अट असते, अपवादही असतात. घरची रीत असेल तर घरच्यांशी प्रेमाने बोलून ती ठेवता येते किंवा बदलताही येते.

अगदी पहिला प्रश्न वाढदिवसाचाच घेऊ. ख्रिस्ती माणसाने तो साजरा करावा का? बायबलमध्ये वाढदिवसाच्या दोन मेजवान्या स्पष्टपणे येतात आणि दोन्हींचा शेवट वाईट आहे. उत्पत्तीच्या ४०व्या अध्यायात फारो आपल्या वाढदिवशी आचाऱ्यांच्या प्रमुखाला मृत्युदंड देतो. मत्तयाच्या १४व्या अध्यायात हेरोदाच्या वाढदिवशी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर तबकात येतं. तिसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा ओरिजेन याच दाखल्यांवर बोट ठेवून वाढदिवसांवर टीका करत असे. सुरुवातीचे ख्रिस्ती लोक हुतात्म्यांच्या मृत्यूचा दिवस पाळत आणि त्यालाच त्यांचा जन्मदिवस म्हणत. दुसऱ्या शतकात स्मर्नाचे बिशप पॉलीकार्प यांना ठार मारलं गेलं, त्यानंतर तिथल्या मंडळीने हेच केलं. आजही यहोवाचे साक्षीदार वाढदिवस करत नाहीत.

मात्र बायबलमध्ये मनाईचीही आज्ञा नाही. कॅथलिक पंचांगात तर तीन जन्मदिवस ठळक आहेत : २५ डिसेंबरला येशूचा, २४ जूनला योहानाचा आणि ८ सप्टेंबरला मारियामातेचा. वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा याच ८ सप्टेंबरच्या सुमारास भरते. केकवरच्या मेणबत्त्या ख्रिस्ती माणसाला शोभत नाहीत, असं सांगणाऱ्यांना एक जुनी हकिकत ऐकवता येईल. मोरेव्हियन पंथाचे पुढारी काउंट झिंझेनडॉर्फ यांच्या १७४६ सालच्या वाढदिवसाला भट्टीत मावेल एवढा मोठा केक केला होता आणि त्यात वयाच्या वर्षांइतक्या मेणबत्त्या खोचल्या होत्या, असं वर्णन त्या काळच्या एका पाहुण्याने लिहून ठेवलं आहे. तेव्हा केक आणि मेणबत्ती तिसऱ्या कप्प्यात. आवडत असेल तर करावं, नसेल तर सोडावं.

शुक्रवार : ताट आणि ग्लास

उपवासकाळातल्या शुक्रवारचा प्रश्न मात्र दुसऱ्या कप्प्यातला आहे आणि इथे अर्धवट माहिती फार फिरते. कॅथलिक कॅनन कायद्याच्या १२५२व्या कलमानुसार वयाची १४ वर्षं पूर्ण झालेल्यांना मांसवर्ज्याचा नियम लागू होतो. उपवासाचा नियम १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत असतो आणि कडक उपवासाचे दिवस दोनच : राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. वर्ज्य असतं ते मांस. अंडी, दूध, मासे यांना बंदी नाही, त्यामुळे ऑफिसचा केक अंड्याचा असला तरी तो खाता येतो. मांसवर्ज्याच्या जागी दुसरं तप किंवा दानधर्म ठरवण्याचा अधिकार देशाच्या बिशप परिषदेला असतो, म्हणून आपल्या भागातला नियम आपल्या फादरना विचारून घ्यावा.

अपवादही आहेत. एखादा महासण शुक्रवारी आला तर मांसवर्ज्य लागू होत नाही. २०२७ मध्ये संत जोसेफचा सण, म्हणजे १९ मार्च, उपवासकाळातल्या शुक्रवारीच येतो आहे. आपला वाढदिवस मात्र, कितीही प्रिय असला तरी, महासणांच्या यादीत बसत नाही.

मुलीच्या वडिलांच्या मंडळीत असा लिखित नियम नसतो. तिथे प्रत्येकजण आपापला निश्चय करतो. कुणी चाळीस दिवस मटण सोडतं, कुणी चहा, हल्ली कुणी रील्स. निश्चय स्वतःचा असला तरी पाळायची शिस्त तीच आणि पथ्यही तेच, जे मत्तयाच्या ६व्या अध्यायात सांगितलं आहे : उपवासाचं प्रदर्शन करू नये. हॉटेलात बसल्यावर ‘माझा लेंट चालू आहे’ अशी घोषणा करून टेबलावरच्या सात जणांची बिर्याणी बेचव करण्यापेक्षा पार्टीची जागा आपण सुचवावी, जिथे मासे किंवा पनीर चांगलं मिळतं. नाहीतर पार्टी सरळ सोमवारवर टाकावी. वाढदिवस गुड फ्रायडेलाच आला, तर केक रविवारी ईस्टरच्या दिवशी कापावा. अशा घरांत तो केक जास्त गोड लागतो, असं ज्यांनी केलं ते सांगतात.

आता ग्लास. इथे ख्रिस्ती लोकांतच एकमत नाही आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. येशूने काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला, हे योहानाच्या २ऱ्या अध्यायात आहे. द्राक्षारसाने मस्त होऊ नये, असं पौल इफिसकरांना बजावतो, तेही बायबलच. गोव्यातल्या एखाद्या कॅथलिक घरात नाताळला वाइन उघडली जाते आणि कुणाला वावगं वाटत नाही. उलट मुक्तिफौजेचे, म्हणजे साल्व्हेशन आर्मीचे, शिपाई दारूला न शिवण्याची लेखी शपथ घेतात. नगरकडच्या अनेक घरांनी दारूने संसार बुडताना पाहिले आहेत. त्यांच्यासाठी हा विषय केवळ तत्त्वाचा नाही. शास्त्र नशेला बंदी घालतं. घोटाला बंदी आहे की नाही, हे मंडळीचा नियम आणि घराचा अनुभव ठरवतो.

शिवाय देशाचा कायदा आहेच. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आणि कडक मद्यासाठी २५ची. म्हणजे आपल्या मुलीला व्हिस्कीचा आग्रह करणारा सहकारी तिला चार वर्षं आधीच कायदा मोडायला सांगतो आहे. नकार द्यायचा तर ‘मी घेत नाही’ एवढे तीन शब्द पुरतात. कारण सांगायला लागलं की वाद सुरू होतो आणि वादात रात्र जाते. घेणाऱ्यांना घरी नीट पोहोचवण्याची जबाबदारी मात्र न घेणाऱ्याने आपणहून अंगावर घ्यावी. त्या टीममध्ये तिच्या विश्वासाची आठवण राहील ती त्या रात्रीच्या कॅबमुळे.

याच पार्टीत कुणीतरी मोबाइलवर तिचं राशिभविष्य वाचून दाखवणार. गमतीत ऐकून हसणं वेगळं आणि त्यावर नोकरी, लग्न, प्रवास ठरवणं वेगळं. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २११६व्या परिच्छेदात पत्रिका, ज्योतिष, हस्तरेषा यांच्या आहारी जाणं स्पष्ट नाकारलं आहे. अनुवादाच्या १८व्या अध्यायाचाही रोख तोच. वाढदिवशी ‘येतं वर्ष कसं जाईल’ ही उत्सुकता साहजिक आहे. तिच्यासाठी ९०वं स्तोत्र वाचावं, त्यात आयुष्याच्या दिवसांचा हिशेब मागितला आहे.

शनिवार सकाळ : निरांजन आणि शिरा

शनिवारी सकाळी फ्लॅटमधल्या मैत्रिणीची आई आली आहे. तिने मुलीला पाटावर बसवून औक्षण करायचं ठरवलं आहे आणि सोबत देवाला दाखवलेला शिरा आणला आहे. दोन प्रश्न एकदम. दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांतले.

औक्षणात ओवाळला जातो तो माणूस, मागितलं जातं ते दीर्घायुष्य. दिवा, फुलं आणि धूप हे काही ख्रिस्ती उपासनेला परके राहिलेले नाहीत. १९६९ मध्ये व्हॅटिकनने भारतीय चर्चला उपासनेत बारा बदल करायची परवानगी दिली, त्यांत फुलं, धूप आणि दिव्याची आरती होती. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्सनी गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ छापलं ते ओवीत, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठी मंडळीला अभंग आणि कीर्तन दिलं. रूप आपल्या मातीचं ठेवून आशय ख्रिस्ताचा ठेवायची मराठी ख्रिस्ती लोकांची ही चारशे वर्षांची सवय आहे. काही मंडळ्यांना कुंकू किंवा ओवाळणं मान्य नाही, त्यांचाही आदर राखावा. तशी अडचण असेल तर त्या माउलीला आदल्या दिवशीच सांगावं, ‘काकू, मला नुसता आशीर्वाद द्या, मी पाया पडते.’ ऐन वेळी ताटासमोरून उठून जाण्याने कुठलाच धर्म उजळत नाही.

शिऱ्याचं तसं नाही. मूर्तीला दाखवलेल्या अन्नाचा प्रश्न पहिल्या शतकातल्या करिंथ शहरात अगदी असाच उभा राहिला होता आणि पौलाने त्यावर १ करिंथच्या ८व्या आणि १०व्या अध्यायांत सविस्तर लिहिलं. त्याचं उत्तर तीन पायऱ्यांचं आहे. बाजारात मिळतं ते चौकशी न करता खावं. कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खावं. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नये. आपल्या खाण्यामुळे दुबळ्या विश्वासाच्या भावाला ठेच लागू नये, हा त्या सगळ्याचा गाभा.

मराठी घरांत या उत्तराचे दोन अर्थ लावले जातात. कुणी प्रसाद मुळीच घेत नाही, कुणी शेजारधर्म म्हणून हातात घेतं. दोन्ही बाजूंना आपापली वचनं सापडतात. कोणती बाजू घ्यायची, हे आपल्या पाळकांशी किंवा फादरशी एकदा शांतपणे बोलून ठरवावं आणि मग दर वेळी तेच करावं. घ्यायचा नसेल तर हात जोडून, हसून, सरळ सांगावं. घेऊन मागच्या दाराने कचऱ्याच्या डब्यात टाकणं हा सर्वांत वाईट मार्ग, कारण त्यात खोटेपणाही आहे आणि आणणाऱ्या बाईचा अपमानही. ती काकू स्वयंपाकघरात साखर-तूप मोजून उभी राहिली होती, एवढं तरी ध्यानात असावं.

शनिवार दुपार : पाकीट

वाढदिवसाच्या खर्चाबद्दल शास्त्राचं एक सरळ वाक्य नाही, पण लूकच्या १४व्या अध्यायात मेजवानीची पाहुण्यांची यादी कशी करावी, हे येशूने सांगितलं आहे. परतफेड करू शकणारे मित्र, भाऊबंद आणि श्रीमंत शेजारी यांच्याऐवजी गरीब, पंगू, आंधळ्यांना बोलवावं. हा पहिल्या कप्प्यातला विषय. तरीही बहुतेक घरांत तोच सर्वांत शेवटी आठवतो, केक-डेकोरेशनचे पैसे दिल्यानंतर.

म्हणून हिशेब आधी करावा. वाढदिवसाचे सहा हजार ठरले असतील तर त्यातले सहाशे पहिल्याच दिवशी वेगळ्या पाकिटात घालावेत. दशांशाची रीत जुन्या करारातली. नव्या करारात टक्का ठरवलेला नाही, पण १ करिंथच्या १६व्या अध्यायात पौल प्रत्येकाने मिळकतीप्रमाणे दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी काही बाजूला ठेवावं, असं सुचवतो. पहिली नोकरी लागलेल्यांना ही सवय एकविसाव्या वर्षी लावून घेणं सोपं जातं. चाळिशीत हप्ते सुरू झाले की जड जातं.

पैसे कुठे द्यायचे? अनाथाश्रमात जाऊन केक कापायचा, मुलांबरोबर फोटो काढायचे आणि ते इन्स्टाग्रामवर टाकायचे, ही पद्धत आता रूढ झाली आहे. ती दोन कारणांनी टाळावी. पहिलं, बाल न्याय कायदा २०१५च्या ७४व्या कलमानुसार संस्थेतल्या अशा मुलांची ओळख पटेल असं नाव किंवा छायाचित्र प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. दुसरं, उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, ही मत्तयाच्या ६व्या अध्यायातली शिकवण पाठ असलेल्या घरातल्या मुलांनी तरी दानाची रील बनवू नये. संस्थेला आधी फोन करावा, त्यांना काय हवं ते विचारावं. बहुतेकदा उत्तर केक नसतं. डाळ, सॅनिटरी पॅड, वह्या, नाहीतर दहावीच्या मुलाला दोन महिने गणित शिकवणारं कुणी, असं काहीतरी असतं.

पैसे नसलेल्यांसाठी रक्तदान आहे. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असलं की रक्त देता येतं. पुरुषांना ९० दिवसांनी, स्त्रियांना १२० दिवसांनी पुन्हा देता येतं. फक्त एक खबरदारी घ्यावी : उपाशीपोटी रक्त देऊ नये. उपवासाचा शुक्रवार सोडून शनिवारी नाश्ता करून जावं.

शनिवार संध्याकाळ : सभा आणि शंका

पिंपरीला काकांकडची प्रार्थना हा तरुणांच्या कुरकुरीचा जुना विषय. चार गीतं, दोन प्रार्थना, पाऊण तासाचा संदेश, मग साक्षी आणि जेवण होईपर्यंत साडेदहा. पण सभा कंटाळवाणी झाली म्हणजे उपकारस्तुती चुकीची ठरत नाही. चुकतं ते एवढंच की जिचा वाढदिवस आहे, तिला कुणी काही विचारलेलं नसतं. हा तिसरा कप्पा, इथे बदलाला भरपूर जागा आहे.

आठवडाभर आधी तिने काकांना फोन करून तीन गोष्टी मागून घ्याव्यात. शास्त्रपाठ ती निवडेल. ‘उपासना संगीत’मधलं एक गीत आजीच्या आवडीचं आणि एक गिटारवर वाजेल असं तिच्या आवडीचं होईल. आणि सगळं मिळून एक तासात आटपेल. पाळकसाहेब सहसा खूश होतात, कारण तरुण मुलीने स्वतःहून वचन निवडणं त्यांना रोज पाहायला मिळत नाही. फ्लॅटमधल्या मैत्रिणींना बोलवायचं असेल तर तिथे काय होणार, हे आधी सांगावं : गाणी, प्रार्थना, मग जेवण. त्या पाहुण्या आहेत, त्यांना पाहुण्यांसारखंच वागवावं. जेवणाला बोलावून धर्मोपदेशात अडकवलं, असं त्यांना वाटता कामा नये.

जेवणानंतर गच्चीत चुलतभावंडं बसतात आणि खरं बोलणं तिथे होतं. प्रार्थना करते, पण काही वाटतच नाही. त्रैक्य समजत नाही. चर्चमधलं राजकारण बघून उबग येतो. या शंका मोठ्यांसमोर काढायची चोरी असते, कारण शंका म्हणजे अविश्वास असं धरून चालायची आपल्याकडे सवय आहे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण अशा वेळी सांगण्यासारखं आहे. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८चा आणि बाप्तिस्मा इंग्लंडमधल्या वाँटेज इथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी. वय २५. बाप्तिस्मा झाला म्हणून त्यांनी प्रश्न विचारणं थांबवलं नाही. आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वाचला तर थक्क व्हायला होतं. त्रैक्याबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल त्या बिनधास्त भांडतात. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं विचारतात. शाकाहार सोडत नाहीत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपाने छापला. एवढे प्रश्न विचारणाऱ्या याच बाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि हिब्रू-ग्रीक शिकून आख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं.

एकाच घरातल्या माणसांचा वेगही सारखा नसतो. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली पाच वर्षं दोघांनी काय सोसलं, ते ‘स्मृतिचित्रे’त आहे. दहावीत भक्तीला न चुकणारा भाऊ इंजिनिअरिंगला गेल्यावर चर्चकडे फिरकत नसेल, तर वाढदिवसाच्या जेवणात त्याची उलटतपासणी घेऊ नये.

प्रार्थनेत कोरडेपणा आला तर ८८वं स्तोत्र उघडावं. ते अंधाराच्या उल्लेखावरच संपतं, शेवटी आशेची ओळही जोडलेली नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे. मदर तेरेसांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रं सांगतात की त्यांनाही कित्येक वर्षं आत अंधारच जाणवत होता आणि त्या काळात त्यांचं रोजचं काम चालूच होतं. वाचायला सुरुवात कुठून करावी, असं विचारणाऱ्यांनी मार्कचं शुभवर्तमान घ्यावं, चारांत ते सर्वांत लहान आहे. मराठीत सोबतीला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आहे, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला आहे. शंका वहीत तारखेसह लिहून ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा अशा माणसाकडे न्याव्यात, ज्याला ‘मला माहीत नाही’ म्हणता येतं.

रविवार : पाचची गाडी

राजगडाची गाडी पहाटे पाचला सुटते आणि भक्ती नऊला असते. कॅथलिक आईचं उत्तर सोपं आहे : कॅनन कायद्याच्या १२४८व्या कलमानुसार शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते. म्हणजे पिंपरीच्या सभेआधी मिस्सा, मग सभा, मग झोप आणि पहाटे गड. वडिलांच्या मंडळीत शनिवारी भक्ती नसते, तिथे निवड करावी लागते. रोमकरांच्या १४व्या अध्यायात पौल सांगतो की कुणी एक दिवस विशेष मानतो, कुणी सगळे सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी आणि दुसऱ्याला दोष देऊ नये. शब्बाथ माणसासाठी आहे, हे येशूचं म्हणणं मार्कच्या २ऱ्या अध्यायात आहे. रविवारी ड्यूटी करणाऱ्या हजारो ख्रिस्ती नर्सेसना हे कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही.

खात्री मात्र आधी करायची असते. स्कॉटलंडचा धावपटू एरिक लिडेल १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर धावला नाही, कारण प्राथमिक फेरी रविवारी होती, ही गोष्ट संडे स्कूलमध्ये सगळ्यांनी ऐकलेली असते. त्यातला एक तपशील सहसा सुटतो. वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधी कळलं होतं. त्याने तेव्हाच निर्णय सांगितला आणि मधल्या काळात ४०० मीटरचा सराव केला. त्या शर्यतीत ४७.६ सेकंदांत त्याने सुवर्णपदक घेतलं. आदल्या रात्री अकराला ग्रुपवर ‘सॉरी, चर्च आहे’ असं टाकून सहा जणांच्या गाडीचा हिशेब बिघडवणं याला लिडेलचा कित्ता म्हणत नाहीत. गाडी ठरत असतानाच ‘शनिवारी जाऊ या का?’ असं विचारलं असतं तर कदाचित सगळेच तयार झाले असते.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना तर तारीख बदलता येत नाही. यूपीएससीची पूर्वपरीक्षा आणि नीट या परीक्षा रविवारी होतात. एमपीएससीच्याही अनेक परीक्षा रविवारीच येतात. त्या दिवशी परीक्षा द्यावी आणि भक्तीची भरपाई शनिवारी किंवा संध्याकाळी करावी, असंच बहुतेक फादर आणि पाळक सांगतात. विचारलं तर आशीर्वादही देतात. बऱ्याच चर्चमध्ये त्या आठवड्यात वाढदिवस असलेल्यांना रविवारी पुढे बोलावून त्यांच्यासाठी प्रार्थना होते, वाढदिवसाचं दानही तेव्हाच टाकतात. या रविवारी गडावर असणाऱ्या मुलीने सहाशेचं ते पाकीट पुढच्या रविवारी टाकलं तरी चालतं.

या तीन दिवसांत एक काम मात्र हमखास करावं. आपल्या बाप्तिस्म्याची, म्हणजे कॅथलिक घरांत स्नानसंस्काराची, तारीख शोधून काढावी. वाढदिवस सगळ्यांना पाठ असतो, ही तारीख क्वचित कुणाला. मदर तेरेसांचा जन्म २६ ऑगस्ट १९१०चा, पण बाप्तिस्म्याचा दिवस, २७ ऑगस्ट, हाच त्या आपला खरा जन्मदिवस मानत. पोप फ्रान्सिस यांचा जन्म १७ डिसेंबर १९३६चा, बाप्तिस्मा त्याच वर्षी नाताळच्या दिवशी झाला. आपापली बाप्तिस्म्याची तारीख शोधून ती लक्षात ठेवा, असं ते लोकांना पुन्हा पुन्हा सांगत.

आजी शनिवारी घरात असेलच. तिला विचारा. तिला आठवत नसेल तर जिथे पाण्याखाली डोकं धरलं होतं, त्या चर्चच्या कार्यालयात जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं घेऊन जा. जुनी रजिस्टरं तिथे जपून ठेवलेली असतात आणि उतारा मिळतो. कॅथलिक विवाहाच्या वेळी सहा महिन्यांच्या आतला ताजा उतारा मागतात, तेव्हा ही फेरी कधीतरी पडणारच आहे.